घोट्याभोवतीची पट्टी

परळचं सेंट झेविअर्स मैदान चिंचपोकळीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुंबई जिल्हा फुटबॉल संघटनेचे लीग सामने वर्षानुवर्षं या मैदानावर झाले. पाऊस नुकताच उघडलेला असला की मैदान वरून हिरवं दिसतं आणि आत पाय रुततो. सामन्याला अर्धा तास असताना कडेला बघावं. कुणी स्टड पुसतोय, कुणी मोजे ओढतोय, आणि एखादा पाय लांब करून बसलाय. त्याचा साथीदार त्याच्या घोट्याभोवती पांढरी पट्टी गुंडाळतोय. पट्टी फाडल्याचा करकरीत आवाज येतो, पाय दोनदा आपटून पाहिला जातो आणि वर मोजा चढतो.

पट्टी बांधून घेणाऱ्याला विचारलं, तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘मागच्या वर्षी मुरगळला होता, म्हणून’ हे एक. ‘टेप असली की पाय हलका वाटतो, धावायला बरं पडतं’ हे दुसरं. पहिल्या उत्तराच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे. दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी घोटा समजून घ्यायला हवा.

नडगीचं जाड हाड आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, या दोघांच्या खालच्या टोकांमध्ये एक खाच तयार होते. पावलाचं सगळ्यात वरचं हाड त्या खाचेत बसतं. बोटाने चाचपून पाहा: बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा थोडा खाली उतरलेला असतो. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला लागलं की हाडच आडवं येतं, आत वळताना तेवढी अडवणूक होत नाही. शिवाय आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि जाड आहे, बाहेर मात्र तीन सुटे, बारीक बंध आहेत. त्यातला पुढचा सगळ्यात कमजोर. खाचेत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्याने टाच उचलली आणि बोटं खाली गेली की त्याचा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणजे उडी मारून खाली येताना, चवड्यावर वळताना आणि चेंडूला लाथ मारताना, नेमका जेव्हा आधार हवा तेव्हा घोटा सर्वांत कच्चा असतो. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला, आणि फाटतो तो बाहेरचा पुढचा बंध.

फुटबॉलमध्ये हे नेमकं कसं घडतं, हे नॉर्वे आणि आइसलँडमधल्या अव्वल सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून अभ्यासकांनी २००४ साली मांडलं. दोन प्रकार ठळक दिसले. एकात धावणाऱ्या खेळाडूचं पाऊल जमिनीला टेकण्याच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याची धडक त्याच्या पायाला आतल्या बाजूने बसते. तोल बाहेर जातो आणि पाऊल वाकडं पडतं. दुसऱ्यात खेळाडू जोरात चेंडू मारायला जातो आणि चेंडूऐवजी समोरच्याच्या पायावर त्याचं पाऊल आदळतं. बोटं एकदम खाली दाबली जातात. चिखलाच्या मैदानावर रुतलेला स्टड आणि खड्ड्यात पडलेलं पाऊल ही तिसरी तऱ्हा मुंबईच्या मुलांना वेगळी सांगायला नको.

इथे वेळेचं गणित महत्त्वाचं. पाऊल वाकडं जातंय हे कळल्यावर पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला सावरायला आखडतात, पण संदेश जाऊन स्नायू जागा व्हायलाच सेकंदाचा सुमारे सहा ते नऊ शतांश भाग लागतो. स्नायूने प्रत्यक्ष जोर धरायला आणखी वेळ जातो. तोवर पाऊल पुरतं वळलेलं असू शकतं. म्हणून जो घोटा टिकतो, तो पाऊल टेकायच्या आधीच सावध असतो. पाऊल हवेत असतानाच ते सरळ आहे की तिरकं, याची जाणीव त्याला असते. ही जाणीव त्वचेतून, स्नायूंतून आणि अस्थिबंधांतून मेंदूकडे जाते. बंध एकदा फाटला की ती बोथट होते. लंडनमध्ये मायकल फ्रीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हीच बाजू मांडली: मुरगळलेला घोटा नंतर ‘दगा देतो’ त्यामागे केवळ सैलपणा नसतो, हरवलेली जाणीवही असते.

आता पट्टीकडे. जाणकार माणूस ती कशी बांधतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पाय कोरडा करून, जमल्यास केस काढून, पाऊल नडगीशी काटकोनात धरायला सांगतात. पाऊल सैल सोडलेलं असताना बांधलेली पट्टी निरुपयोगी ठरते. पट्टी न ताणणारी, झिंक ऑक्साइडच्या चिकट लेपाची, साधारण ३.८ सेंटिमीटर रुंद. पहिला वेढा घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या भागाला. दुसरा पावलाच्या मध्याला. हे दोन्ही नुसते खुंट, बाकीच्या पट्ट्या त्यांना अडकवायच्या. मग आतल्या बाजूने सुरुवात करून, टाचेखालून नेऊन, बाहेरच्या बाजूने वर ओढत तीन पट्ट्या रिकिबीसारख्या घालतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला निम्मी झाकते. ओढ बाहेर आणि वर हवी, कारण पाऊल आत वळू द्यायचं नाही. त्यावर इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे, मग टाचेला दोन्ही बाजूंनी तिरके घट्ट करणारे वेढे. शेवटी उघड्या फटी बंद करतात, कारण फटीत त्वचा चिमटली तर सामन्याच्या मध्यावर फोड येतो. सगळं झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, तर पट्टी काढून पुन्हा बांधायची. या शेवटच्या तपासणीला फाटा देऊ नये.

पट्ट्या एकमेकींत विणत नेण्याची ही पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद व्हर्जिल गिब्नी यांनी १८९५ साली मुरगळलेल्या घोट्यावरचा उपचार म्हणून तिचं वर्णन छापलं. कुबड्या नकोत, कामाचे दिवस बुडायला नकोत, हा त्यांचा दावा होता. पुढे जर्मनीत बायर्सडॉर्फ कंपनीने १९०१ साली ल्युकोप्लास्ट बाजारात आणलं आणि चिकटपट्टीचा वापर सोपा झाला. आपल्याकडे आजही औषधाच्या दुकानात जाऊन लोक कुठल्याही कंपनीची पट्टी ‘ल्युकोप्लास्ट’ म्हणूनच मागतात.

गिब्नींची वीण बाजेच्या नवारीसारखी असते. विणली तेव्हा ताठ, वापरली की सैल. किती सैल, हे १९६२ साली अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी मोजलं. दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर पट्टीचा आधार सुमारे ४० टक्क्यांनी घटला. फुटबॉलचा एक अर्धा ४५ मिनिटांचा. म्हणजे सामना रंगात येईपर्यंत पट्टीतला बराच ताठपणा निघून गेलेला असतो. घाम आणि पावसाने भिजलेल्या त्वचेवर तर आधीच पंचाईत. हे कळल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता. ताठपणा एवढ्या लवकर जातो, तर पट्टी बांधलेल्यांचे पाय कमी मुरगळतात ते कशामुळे?

आणि ते खरोखरच कमी मुरगळतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बास्केटबॉल खेळाडूंवर गॅरिक आणि रेक्वा यांनी केलेला अभ्यास १९७३ साली आला. त्यात पट्टी बांधून खेळणाऱ्यांच्या घोट्याच्या दुखापती न बांधणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाल्या. चिंचपोकळीच्या शेजारच्या नागपाड्यात बास्केटबॉलची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा आहे. तिथल्या सिमेंटच्या कोर्टावर खेळलेल्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

फुटबॉलमधला पुरावा स्वीडनमधून आला. १९८३ साली एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी बारा संघांपैकी निम्म्यांत एक कार्यक्रम राबवून पाहिला. नीट वॉर्मअप, चांगले बूट, नडगीचे गार्ड, घोट्याला टेप, आणि दुखापत पूर्ण बरी होईपर्यंत मैदानाबाहेर ठेवणं. कार्यक्रम पाळणाऱ्या संघांत दुखापती तीन चतुर्थांशांनी घटल्या. यात टेपचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. १९८५ साली ट्रॉप, आस्कलिंग आणि गिलक्विस्ट यांनी प्रश्न वेगळा काढून विचारला. काही खेळाडूंना घोट्याचा ब्रेस दिला, काहींना डगमगत्या पाटावर उभं राहण्याचा सराव, काहींना काहीच नाही. काहीच न दिलेल्यांपैकी १७ टक्क्यांचे घोटे मुरगळले, ब्रेसवाल्यांपैकी ३ टक्क्यांचे आणि पाटावर सराव करणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांचे. या निकालात माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा तिसरा आहे. पायाला काहीही न बांधता, केवळ तोल सांभाळायला शिकून जवळजवळ तेवढाच बचाव झाला.

तिसरा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतला, १९९४ सालचा. त्याच्या पहिल्या लेखकाचं आडनाव सुर्वे आहे, हे पाहून लालबाग-परळचा वाचक क्षणभर थांबेल. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. सुर्वे आणि सहकाऱ्यांनी ५०४ फुटबॉलपटूंचे दोन गट पाडले: आधी घोटा मुरगळलेले आणि कधीच न मुरगळलेले. प्रत्येक गटात काहींना ब्रेस दिला, काहींना नाही. आधी मुरगळलेल्यांमध्ये ब्रेसमुळे पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण पाचपटीने घटलं. न मुरगळलेल्यांमध्ये फरक पडला नाही. मुंबईच्या छोट्या संघांनी हे लक्षात घ्यायला हवं, कारण एका घोट्याला जवळजवळ अर्धा रोल लागतो आणि रोल परवडत नाही. सगळ्यांना थोडी थोडी पट्टी वाटण्यापेक्षा ज्यांचे पाय पूर्वी गेले आहेत त्यांनाच नीट बांधावी.

आणि वेगाचं काय? कॉर्डोव्हा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले. छोटी धाव, दिशा बदलत पळणं आणि उभी उडी, या तिन्हींत टेप किंवा ब्रेसमुळे पडणारा फरक सुमारे एक टक्क्याच्या आसपास निघाला, तोही तोट्याच्या बाजूने. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातले जतिन आंबेगावकर आणि सहकारी यांनी २०११ साली टेप आणि दोन प्रकारचे ब्रेस तपासले. उडी आणि तोल यांवर परिणाम दिसला नाही, पण चपळाईने वळत धावताना वेळ थोडा जास्त लागला. अर्थात टेप कुणालाही वेगवान करत नाही. ती किंचित मोबदला घेते, आणि ज्याचा घोटा कच्चा आहे त्याला तो मोबदला सहज परवडतो. बचावपटूच्या एका टक्क्याने गोल होतो क्वचित. तो सहा आठवडे बाहेर बसला तर संघाचं नुकसान नक्की होतं.

एक अडचण मात्र खरी आहे. बुटाच्या वरच्या भागाने लाथ मारताना पाऊल पूर्ण ताणावं लागतं. टेप पुढून फार आवळली तर ते ताणता येत नाही आणि चेंडू उंच उडतो. म्हणून अनेक खेळाडू लाथ मारण्याच्या पायाला टेप नको म्हणतात. त्यावर उपाय बांधणाऱ्याच्या हातात आहे: पाऊल आत वळणं रोखायचं, वर-खाली हालचाल शक्य तेवढी मोकळी ठेवायची.

‘पाय हलका वाटतो’ या उत्तराचा उलगडा सिडनीतल्या एका प्रयोगाने बराचसा केला. सॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली कच्च्या घोट्याच्या लोकांना तीन वेळा तपासलं: खरी टेप बांधून, आधार न देणारी दिखाऊ टेप बांधून आणि काही न बांधता. एका पायावर उड्या मारणं आणि तोल सांभाळून पाय लांबवणं, या दोन्हींत तिन्ही वेळा कामगिरी सारखीच राहिली. पण टेप असताना त्यांना घोटा पक्का वाटला, विश्वास वाढला. दुखापतीतून परतलेल्या खेळाडूच्या मनातली धास्ती मी क्षुल्लक मानत नाही. जो घाबरून अर्धा पाय टाकतो, तो चेंडूही गमावतो आणि घोटाही. धास्ती घालवायला पट्टी लागत असेल तर लावावी. मात्र तिने आपण जोरात धावतो असं मानून सराव कमी करू नये. जपानच्या केंझो कासे यांनी १९७०च्या दशकात काढलेली रंगीत, ताणणारी पट्टी २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर सगळीकडे दिसू लागली. घोटा आवळून धरण्याच्या कामी तिचा उपयोग नाही. तो तिचा हेतूही नव्हता.

पट्टी सैल झाल्यावरही काम करते, त्यामागे त्वचेची जाणीव असावी असं मानणारा एक धागा आहे, आणि तो आपल्याला १९४८च्या लंडनपर्यंत नेतो. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला. समोर फ्रान्स. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते, पावलांना आणि घोट्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. कर्णधार तालीमेरेन आओ वैद्यकीय विद्यार्थी होते, पुढे ते डॉक्टर झाले. सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ असा सामना घेतला. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ हरवलं आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. १९५६ला मेलबर्नमध्ये बूट घातलेल्या भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांचे होते, आणि ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई ठरले. भारत चौथा आला.

त्या अनवाणी खेळाडूंची आठवण इथे येते ती माँट्रियलच्या स्टीव्हन रॉबिन्स यांच्या १९९५च्या प्रयोगामुळे. बुटात पाऊल नेमकं कसं टेकलंय याचा अंदाज चुकतो, टेप बांधली की तो सुधारतो, आणि व्यायामानंतरही ही सुधारणा टिकते, असं त्यांना तरुणांमध्ये आढळलं. अनवाणी पायाला जमिनीचा उतार स्वतःलाच कळतो. बूट घातल्यावर जे हरवतं, त्यातलं थोडं टेप त्वचा ओढून परत देते. म्हणून बूट काढून खेळा असं मी म्हणत नाही. स्टडखाली आलेला अनवाणी पाय काय भोगतो हे हेलसिंकीच्या आधीच्या पिढीला पुरेपूर ठाऊक होतं. पण चाळीच्या गॅलरीत सकाळी दात घासताना अनवाणी एका पायावर उभं राहायला काय हरकत आहे? प्रत्येक पायावर अर्धा मिनिट, मग डोळे मिटून, मग मित्राने टाकलेला चेंडू झेलत. ट्रॉपच्या डगमगत्या पाटामागचं तत्त्व हेच. ‘फिफा ११+’ या वीस मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही एका पायावरचा तोल हा मोठा भाग आहे. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर तो तपासला गेला आणि २००८ साली निकाल आला: एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी.

घोटा मुरगळल्यावर आपल्याकडे आधी आंबेहळदीचा लेप लागतो, मग क्रेप बँडेज आणि दोन दिवसांनी ‘चालतंय ना?’ म्हणून पुन्हा मैदान. लेपाने फारसं बिघडत नाही. घाईने बिघडतं. पडल्यावर आणि नंतर दवाखान्यात चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरात, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरच्या उंचवट्यावर, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्यापुढे हाडावर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढायलाच हवा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली बांधलेले हे ठोकताळे जगभर वापरले जातात. अशा वेळी टेप लावून पुढचा अर्धा खेळणं हा शुद्ध धोका आहे. चिंचपोकळीच्या पोरांना दूर जायचीही गरज नाही. परळचं केईएम हाकेच्या अंतरावर आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या दिवसांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा तिथेच सुरू झाली. मफतलाल, टाटा अशा मुंबईच्या मोठ्या संघांच्या काळापासून या भागात फुटबॉल रुजला, आणि घोटे सुधारण्याचं शास्त्रही इथेच शिकवलं जात होतं. दोघांची गाठ अजूनही म्हणावी तशी पडलेली नाही, याची मला खंत वाटते.

सामन्याच्या नियमातली एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे मुलं ऐनवेळी अडकतात. मोज्याच्या वरून पट्टी लावली, तर तिचा रंग त्या जागेच्या मोज्याच्याच रंगाचा हवा, असं खेळाच्या चौथ्या नियमात आहे. निळ्या मोज्यावर पांढरी पट्टी दिसली की पंच काढायला लावू शकतो. आधार देणारी टेप मोज्याच्या आतच, त्वचेवर बांधावी.

ज्यांचा घोटा एकदा मुरगळला आहे त्यांनी त्यानंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर, सामन्यात आणि सरावात टेप किंवा ब्रेस लावावा. रोज टेप परवडत नसेल तर लेसने बांधायचा एक ब्रेस घ्यावा. तो वर्षभर टिकतो आणि मध्यंतरात पुन्हा आवळता येतो. सोबत आठवड्यातले बहुतेक दिवस एका पायावरचा सराव करावा, आणि सामना संपला की पट्टी काढून टाकावी. ज्यांचा घोटा कधीच मुरगळलेला नाही त्यांनी पट्टीचे पैसे वाचवावेत, पण एका पायावरचा सराव सोडू नये. संघाच्या प्रशिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या हंगामाआधी प्रत्येक मुलाला विचारून घ्या, ‘तुझा कोणता पाय मुरगळला होता आणि कधी?’ आणि ते वहीत लिहून ठेवा.